न पाहिलेल्या सिनेमाचा इतिहास

ट्युनिशियातल्या मोनास्तिर शहरात समुद्राला लागून एक रिबात आहे. रिबात म्हणजे किनाऱ्याची राखण आणि इबादत एकाच छताखाली करणाऱ्यांची गढी. इ.स. ७९६ मध्ये अब्बासी खिलाफतीच्या काळात ती बांधली गेली. १९७८ साली याच तटबंदीला जेरुसलेम ठरवून 'मॉन्टी पायथन' या ब्रिटनमधल्या विनोदी मंडळींनी एक सिनेमा काढला, 'लाइफ ऑफ ब्रायन'. गर्दीच्या प्रसंगांसाठी स्थानिक माणसे घेतली होती. दिग्दर्शक फ्रँको झेफिरेलीने येशूच्या जीवनावरची आपली भक्तिपूर्ण मालिका याच परिसरात चित्रित केली होती आणि त्यातल्या काहींनी तिथेही काम केले होते. ही म्हातारी मंडळी टेरी जोन्स या नव्या दिग्दर्शकाला सांगत, झेफिरेली साहेब हे असे करत नसत!

ब्रायन हा येशूच्या शेजारच्या गोठ्यात, त्याच रात्री जन्मलेला पोरगा. पूर्वेकडून आलेले ज्ञानी चुकून त्याच्याकडे जातात, नजराणे देतात, मग चूक कळल्यावर ते परत घेऊन पुढच्या गोठ्याकडे निघतात. खरा येशू सिनेमात थोडाच वेळ दिसतो. डोंगरावर प्रवचन देताना तो पूर्ण आदराने दाखवला आहे. कॅमेरा मागे मागे सरकतो आणि शेवटच्या रांगेतल्या लोकांपर्यंत येतो. त्यांना धड ऐकू येत नाही, ते भलतेच ऐकतात आणि त्यावरून हाणामारी करतात. माझ्या मते सगळा सिनेमा या एका प्रसंगात आहे.

पुढे लोक ब्रायनलाच मसीहा मानून त्याच्या मागे लागतात. तो पळतो. पळताना त्याची एक चप्पल निसटते आणि हातातला भोपळा मागे राहतो. क्षणात उम्मतीचे दोन फिरके! एक चप्पलवाल्यांचा, दुसरा भोपळ्यावाल्यांचा. आपल्याकडे मशिदीच्या पाट्यांवर फिरक्याचे नाव लिहिलेले ज्यांनी वाचले आहे, त्यांना हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

सिनेमा बनणार की नाही, हाच आधी प्रश्न होता. चित्रीकरणासाठी निघायच्या तोंडावर पैसे देणाऱ्या ईएमआय कंपनीने माघार घेतली. कंपनीचे प्रमुख लॉर्ड डेल्फंट यांना मजकूर धर्मनिंदक वाटला. तेव्हा बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन पुढे आला. त्याने घर गहाण ठेवून पैसा उभा केला. कारण विचारले तर म्हणायचा, मला हा सिनेमा बघायचा होता. हा हॅरिसन कोण? कृष्णभक्त, जपमाळ ओढणारा, इस्कॉनला लंडनजवळ आख्खी हवेली देऊन टाकणारा. धर्माची टर उडवणाऱ्या सिनेमाला पैसा एका श्रद्धावानाने पुरवला, ही गोष्ट त्या काळच्या आरडाओरड्यात कोणी फारशी लक्षात घेतली नाही.

कंपनीची भीती अगदीच निराधार नव्हती. १९७७ साली मेरी व्हाइटहाउस या बाईंच्या फिर्यादीवरून 'गे न्यूज' नियतकालिकाच्या संपादकाला येशूवरच्या एका कवितेसाठी धर्मनिंदेच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. पन्नासहून अधिक वर्षे निजलेला कायदा पुन्हा जागा झाला होता.

१९७९ च्या ऑगस्टमध्ये सिनेमा आधी अमेरिकेत लागला. न्यूयॉर्कमध्ये ज्यू रब्बी, कॅथलिक आणि लुथरन या तिघांनीही निषेध केला. एरवी एकत्र न येणाऱ्यांचे एकमत घडवणे हेही एक कर्तृत्वच! नोव्हेंबरमध्ये तो लंडनमध्ये आला. सेन्सॉरने चौदा वर्षांवरील सर्वांना परवानगी दिली होती, पण ब्रिटनमध्ये सेन्सॉरचा निर्णय फिरवण्याचा अधिकार स्थानिक परिषदांना आहे. कित्येक परिषदांनी बंदी घातली किंवा वयाची अट वाढवली. त्यातल्या काहींच्या हद्दीत सिनेमागृहच नव्हते. सिनेमा पाहिलात का, असे विचारल्यावर एका सदस्याने उत्तर दिले, डुकरांचा गोठा घाण मारतो हे कळायला आत जावे लागत नाही. नॉर्वेने बंदी घातली, तर शेजारच्या स्वीडनमध्ये 'नॉर्वेत बंदी घालावी लागली इतका विनोदी' अशी जाहिरात झाली. आयर्लंडमधली बंदी १९८७ पर्यंत टिकली, वेल्समधल्या स्वान्सी शहरातली १९९७ पर्यंत.

९ नोव्हेंबर १९७९ च्या रात्री बीबीसीवर समोरासमोर चर्चा झाली. एका बाजूला जॉन क्लीज आणि मायकेल पॅलिन, दुसऱ्या बाजूला बिशप मर्विन स्टॉकवुड आणि लेखक माल्कम मगरिज. मगरिज एकेकाळी 'पंच' या व्यंग्य साप्ताहिकाचे संपादक होते, हे विशेष. दोघांचा आरोप एकच, की ब्रायन म्हणजे येशूच. जाताजाता बिशपनी यहूदाच्या तीस चांदीच्या नाण्यांचा टोमणाही मारला. क्लीज सांगत राहिला की आमचा रोख न विचार करता मागे धावणाऱ्यांवर आहे. नंतर कळले की दोन्ही बुजुर्ग सिनेमाला उशिरा पोहोचले होते. येशू आणि ब्रायन वेगळे आहेत हे दाखवणारा सुरुवातीचा भागच त्यांनी पाहिला नव्हता.

मी मात्र सिनेमा दोनदा पाहिला. हजरत ईसा (अ.स.) आम्हालाही पैगंबर आहेत. कोणत्याही नबीची भूमिका नटाने करावी हे मला रुचत नाही. झेफिरेलीच्या भक्तिपटातही रुचले नव्हते. शेवटी क्रूसावर टांगलेली माणसे शीळ घालत गाणे म्हणतात, तिथे ख्रिस्ती माणसाला वेदना होणार हे मला समजते. कुरआन ईसांना सुळी दिल्याचे नाकारतो, त्यामुळे ती वेदना माझी नाही. पण दुसऱ्याची वेदना मोजायला माझी फूटपट्टी कशाला? तक्रार करणाऱ्याने आधी पाहावे, एवढीच माझी अट.

ती अट आम्ही पाळली का? २४ फेब्रुवारी १९८९ ला सलमान रश्दींच्या कादंबरीविरुद्ध मुंबईत मोर्चा निघाला आणि पोलिसांच्या गोळीबारात डझनभर माणसे मेली. त्या पुस्तकाच्या आयातीवर भारतात आधीच बंदी होती. जे मेले त्यांतल्या किती जणांच्या हाती ते कधी आले असेल?

लंडनमध्ये अब्दुल हुसेन चौधरी यांनी दुसरा मार्ग धरला. ज्या कायद्याच्या धाकाने ब्रायनचे पैसे आटले, त्याच कायद्याखाली त्यांनी रश्दी आणि प्रकाशकाविरुद्ध समन्स मागितले. १९९० साली उच्च न्यायालयाने सांगितले, हा कायदा फक्त ख्रिस्ती धर्माचे रक्षण करतो, इस्लामचे नाही. गंमत म्हणजे याच इंग्रजांनी लाहोरच्या 'रंगीला रसूल' प्रकरणानंतर १९२७ साली हिंदुस्थानात सर्व धर्मांना लागू होणारे २९५ अ कलम आणले होते. वसाहतीत सर्वांना एक माप, घरी मात्र एकाच धर्माला. बिशपची वेदना दखलपात्र, चौधरींची नव्हे.

भेदभाव मिटवायचा तर दोन वाटा होत्या: कायदा सर्वांना द्यायचा किंवा कोणालाच नाही. चौधरींनी पहिली मागितली होती. २००८ साली ब्रिटिश संसदेने दुसरी धरली आणि इंग्लंड व वेल्समधला धर्मनिंदेचा गुन्हा रद्द केला.