साल्व्हिया मे महिन्यात का मरतो? आणि व्हिडिओत दाखवतात तसे त्याचे तुकडे करून लावता येतात का?

डिसेंबरात नर्सरीतून लालभडक साल्व्हियाचं रोप घरी येतं. बाल्कनीत ठेवलं की दोन महिने त्याच्यावरून नजर हटत नाही. मार्चमध्ये खालची पानं पिवळी पडायला लागतात, एप्रिलमध्ये तुरे बारीक होतात आणि मे संपेपर्यंत कुंडीत उरते ती वाळलेली काडी. मग बागकामाच्या ग्रुपवर फोटो पडतो, "काय चुकलं?" खाली उत्तरं येतात: पाणी जास्त झालं, पाणी कमी पडलं, कडुनिंबाचं तेल फवारा. आणि कुणीतरी एक परदेशी व्हिडिओ टाकतं. त्यात साल्व्हियाचं अख्खं झाड उपटून, फावड्याने त्याचे चार तुकडे करून पुन्हा लावलेले असतात आणि चारही जगलेले असतात.

तो व्हिडिओ पाहून आपल्या लाल साल्व्हियावर सुरी चालवली, तर होतं तेही झाड जातं. व्हिडिओ खोटा नसतो. त्यातला साल्व्हिया वेगळा असतो.

नाव एक, झाडं हजार

साल्व्हिया हे एका झाडाचं नाव नाही. तो एक वंश आहे आणि त्यात जगभरातल्या सुमारे 1,000 प्रजाती येतात. लिनियसने 1753 मध्ये हे नाव शास्त्रात पक्कं केलं. मूळ लॅटिन शब्दाचा संबंध बरं होण्याशी, निरोगी असण्याशी आहे, कारण युरोपात स्वयंपाकात आणि औषधात वापरला जाणारा सेज हाही साल्व्हियाच. डाएटवाल्यांच्या घरी भिजत घातलेलं चिया हेसुद्धा साल्व्हियाचंच बी. 2017 मध्ये तर शास्त्रज्ञांनी रोझमेरीलाही याच वंशात आणून बसवलं.

हे सगळं तुळशीच्या आणि पुदिन्याच्या कुळातलं. खात्री करायची असेल तर साल्व्हियाची कोवळी काडी दोन बोटांत धरून फिरवा. ती गोल नाही, चौकोनी लागते. तुळशीचीही तशीच लागते. सब्जा पाण्यात टाकल्यावर फुगून बुळबुळीत होतो, तसंच साल्व्हियाचं बीही ओलं झालं की भोवती चिकट थर धरतं.

एवढ्या मोठ्या कुटुंबात कुणी एका हंगामाचं, कुणी झुडूप, तर कुणी जमिनीखालून पसरत जाणारं असणारच. नर्सरीत मात्र सगळ्यांवर एकच पाटी असते, 'साल्व्हिया'. सगळा घोळ तिथे सुरू होतो.

लाल साल्व्हियाचं आयुष्य

रस्त्यांच्या दुभाजकांवर, सरकारी इमारतींपुढे आणि पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात जो लाल साल्व्हिया दिसतो, तो साल्व्हिया स्प्लेंडेन्स. मूळचा ब्राझीलचा. तिथल्या उबदार, दमट डोंगराळ भागात तो अनेक वर्षं जगतो आणि चांगला कमरेइतका वाढतो. कुंडीत येतात त्या त्याच्या बुटक्या जाती आहेत. जेमतेम फूटभर उंचीवर भरभरून फुलण्यासाठीच त्या तयार केल्या गेल्या. जगभर त्यांना एका हंगामाचं झाड म्हणूनच लावतात. युरोपात त्यांना थंडी मारते, आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन.

म्हणजे मे महिन्यात गेलेल्या लाल साल्व्हियात बहुतेक वेळा तुमची काही चूक नसते. झेंडू वाळला म्हणून कुणी अपराधी वाटून घेत नाही, तसंच इथेही.

हाताशी उरतं ते बी. या साल्व्हियात फुलाची नळीच नव्हे, तर तिच्यामागची छोटी वाटीही लाल असते. नळी दोन-चार दिवसांत गळते, वाटी मात्र कितीतरी दिवस तशीच राहते. त्यामुळे फुलं संपली तरी झाड बहरलेलंच दिसतं. त्या वाटीच्या तळाशी जास्तीत जास्त चार बिया धरतात. वाटी तपकिरी, कागदासारखी झाली की बी तयार झालं समजायचं. उशीर केला तर ते खाली सांडतं, म्हणून अर्धा तुरा वाळला की तो कागदी पिशवीत उलटा टांगून ठेवणं बरं.

हे बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पेरायचं. त्याला उजेड लागतो, त्यामुळे मातीत खोल पुरायचं नाही. ओल्या मिश्रणावर भुरभुरवून हलकंसं दाबायचं. दहा-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. नर्सरीतली रोपं बऱ्याचदा संकरित असतात, त्यामुळे मुलं आईसारखीच बुटकी आणि एकसारखी निघतील याची खात्री नसते. एखादं लांबोडं निघालं तर ते बी खराब होतं म्हणून नाही.

मग तुकडे कोणाचे करायचे?

ज्याचं ठोंब होतं त्याचे. ओळखायला नाव माहीत असण्याचीही गरज नाही. बुंध्याजवळची माती बोटांनी दोन इंच बाजूला करून पाहा. मातीतून वेगवेगळे फुटवे वर येत असतील आणि प्रत्येकाला स्वतःची मुळं असतील, तर ते झाड विभागता येतं. सगळ्या फांद्या एकाच लाकडी खोडातून फुटत असतील, तर ते विभागायचं नाही. ते खोड मधोमध चिरलं की एका बाजूला मुळं राहतात, दुसऱ्या बाजूला फांद्या, आणि बहुधा दोन्ही बाजू जातात.

परदेशी व्हिडिओंमध्ये बहुतेक वेळा दिसतो तो साल्व्हिया नेमोरोसा. जांभळ्या-निळ्या उभ्या तुऱ्यांचा. 'काराडोना' ही त्याची गाजलेली जात. तो युरोप आणि पश्चिम आशियातला आहे. थंडीत जमिनीपर्यंत मरतो आणि वसंतात तळातून पुन्हा फुटतो. मुंबई-कोकणच्या दमट उष्णतेत त्याचं जमत नाही. इंग्लंड किंवा अमेरिकेच्या थंड भागात राहणाऱ्या मराठी घरांच्या परसात मात्र तो सहज सापडेल. तिथे मार्च-एप्रिलमध्ये, नवे कोंब बोटभर झाले की, दर तीन-चार वर्षांनी त्याचं ठोंब फोडतात. मधला भाग जुना होऊन विरळ झाला, फुलं फक्त कडेने यायला लागली, की वेळ झाली असं समजायचं.

आपल्याकडे विभागणीसाठी सगळ्यात चांगला साल्व्हिया म्हणजे ल्युकँथा. मेक्सिकोचा. लांब कमानदार फांद्या, मखमली जांभळे तुरे, त्यातून डोकावणारी पांढरी फुलं. दिवस लहान व्हायला लागले की तो कळ्या धरतो, म्हणून उन्हाळ्यात हिरवागार दिसूनही फूल नाही, अशी तक्रार करण्यात अर्थ नसतो. तो जमिनीखालून फुटवे काढत बाजूला सरकतो. फुलांचा हंगाम संपल्यावर, साधारण फेब्रुवारीत, त्याच्या फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून छाटायच्या आणि तेव्हाच ठोंब फोडायचं. त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत मुळं धरायला त्याला थोडा वेळ मिळतो. एप्रिल-मेच्या उन्हात किंवा जुलैच्या मुसळधार पावसात हे काम करू नये. उन्हात तुकडा सुकतो, पावसात कापलेली जागा कुजते.

पद्धत सोपी आहे, फक्त घाई नको. आदल्या संध्याकाळी पाणी द्यायचं. दुसऱ्या दिवशी बुंध्यापासून वीतभर अंतर ठेवून गोल खणायचं आणि ठोंब अख्खं उचलायचं. माती झटकली की नैसर्गिक सांधे दिसतात. तिथून हातांनी वेगळं होतं का बघायचं, नाहीच झालं तर धारदार, स्वच्छ सुरी. प्रत्येक तुकड्यावर निदान दोन-तीन फुटवे आणि भरपूर मुळं हवीत. हाव करून आठ तुकडे करण्यापेक्षा तीन केलेले बरे. आधी होता तेवढ्याच खोलीवर लावायचा, लगेच पाणी द्यायचं आणि आठवडाभर सावलीत ठेवायचा. दुपारी पानं लोंबली तर घाबरू नये. संध्याकाळी उभी राहिली की मुळं कामाला लागली. खत मात्र नवी पालवी दिसेपर्यंत नको.

आणि ज्याचं ठोंब होत नाही त्याचं?

त्याची काडी लावायची. 'हॉट लिप्स' नावाचा लाल-पांढऱ्या ओठांचा साल्व्हिया इन्स्टाग्रामवर खूप फिरतो. तो लाकडी झुडूप होणाऱ्यांपैकी आहे, त्याला विभागायला जाऊ नका. फूल किंवा कळी नसलेली, ना कोवळी ना जून अशी बोटभर काडी पेराच्या अगदी खाली कापायची. खालची पानं काढायची, वरची दोन-चार ठेवायची. कोकोपीट आणि जाड वाळू निम्मी-निम्मी घेऊन त्यात खोचायची. दोन ते चार आठवड्यांत मुळं धरतात. हलक्या हाताने ओढल्यावर काडीने विरोध केला की ती लागली. ल्युकँथाही असाच लागतो. नशीब आजमावायचं असेल तर फेब्रुवारीच्या आत लाल साल्व्हियाच्या काड्याही लावून पाहता येतात. पण उन्हाळाभर त्यांना जपत बसण्यापेक्षा बी सोपं.

छाटताना झुडूपवाल्यांबाबत एक काळजी घ्यावी. पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापू नये, तिथून पुन्हा फूट येईलच असं नाही.

रोजची निगा

साल्व्हिया पाण्यावाचून मरतो त्यापेक्षा जास्त वेळा पाण्यात मरतो. नर्सरीच्या पिशवीतली लाल माती बऱ्याचदा घट्ट गोळा झालेली असते. घरच्या काळ्या मातीतही पाणी साचतं. माती, शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट आणि जाड वाळू असं भुसभुशीत मिश्रण हवं. कुंडी आठ ते दहा इंचांची आणि तळाचं भोक मोकळं असावं. बोट इंचभर खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. माती ओली असूनही झाड मलूल दिसलं, तर आणखी पाणी घालायचं नाही. ती मूळकूज असू शकते.

चार-पाच तास ऊन लागतंच. लाल साल्व्हियाला मार्चनंतर दुपारची सावली मिळाली तर आणखी दोन-तीन आठवडे टिकतो. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूने फुटतं. बी धरायचं नसेल तर संपलेला तुरा पहिल्या पानांच्या जोडीपर्यंत कापायचा. नत्र जास्त झालं की नुसती पानं येतात. पानांच्या खालच्या बाजूला पांढरी माशी आणि कोळी बसतात, त्यामुळे फवारा वरून नाही, खालून मारायचा.

फुलावर मधमाशी बसली तर थांबून बघावं, कारण इथे एक छोटं यंत्र आहे. फुलात पुंकेसरांची तरफ असते. माशी आत डोकं घालते, तरफेचं खालचं टोक ढकललं जातं आणि वरचं टोक परागांसकट तिच्या पाठीवर उतरतं. निळ्या-जांभळ्या साल्व्हियाच्या फुलात बारीक काडी घालून हे स्वतः करून पाहता येतं. लाल, लांब नळीची फुलं मूळ देशात हमिंगबर्डसाठी असतात. आपल्याकडे ते पक्षी नाहीत, तिथे शिंजीर येतात.

पुढच्या हिवाळ्यात नर्सरीत गेलात, तर सगळे तुरे उमललेलं रोप घेऊ नका. ते तिथेच अर्धं आयुष्य जगलेलं असतं. एक-दोन तुरे उघडलेले, बाकी कळ्या, आणि कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर न आलेलं रोप निवडा.