मालगुंडचं केशवसुत स्मारक: कवीचं घर आणि त्याची राखण

रत्नागिरी तालुक्यात दोन मोठ्या माणसांची जन्मघरं बघायला मिळतात. एक रत्नागिरी शहरात टिळक आळीत, लोकमान्य टिळकांचं. ते राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. दुसरं मालगुंडला, कवी केशवसुतांचं. ते मात्र साहित्यप्रेमी लोकांनी स्थापलेली एक संस्था सांभाळते. गणपतीपुळ्याला दर्शन, समुद्र आणि जेवण उरकून गाड्या परत फिरतात. हे घर तिथून अगदी शेजारच्या गावात आहे.

केशवसुत कोण?

त्यांचं खरं नाव कृष्णाजी केशव दामले. जन्म 1866 सालचा. तारखेबाबत मात्र एकमत नाही. काही पुस्तकांत 15 मार्च छापलेली सापडते, तर काहींत 7 ऑक्टोबर. वडील शाळामास्तर होते. केशवसुत मॅट्रिक पास झाले ते 1889 साली, वयाच्या तेविशीत. पुढे तेही शिक्षकच झाले. मुंबई, खानदेशात भडगाव आणि फैजपूर, शेवटी धारवाड, अशी नोकरीसाठी वणवण झाली. 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळीला प्लेगनं त्यांचं निधन झालं. तेव्हा चाळिशीही पुरी झाली नव्हती.

त्यांच्या कविता सव्वाशेच्या थोड्या वर आहेत. पण मजुरावर आलेली उपासमार आणि अस्पृश्य मुलाला पडलेला प्रश्न हे विषय त्यांनी 1888-89 च्या सुमारासच कवितेत आणले. 'तुतारी' ही कविता 1893 ची. चौदा ओळींचं 'सुनीत' मराठीत आणलं तेही त्यांनीच. म्हणून त्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतात. त्यांचे भाऊ मोरो केशव दामले यांनी लिहिलेलं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आजही अभ्यासक वापरतात.

स्मारक कसं झालं?

1990 साली रत्नागिरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते सिंधुदुर्गातल्या करूळ गावचे लेखक मधु मंगेश कर्णिक. दुसऱ्याच वर्षी, 1991 मध्ये, त्यांच्या पुढाकारानं कोकण मराठी साहित्य परिषद, म्हणजे 'कोमसाप', सुरू झाली. या संस्थेनं मालगुंडचं काम हाती घेतलं. 1994 मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं.

काय बघाल?

जुनं कोकणी पद्धतीचं घर आणि त्या काळची घरगुती भांडीकुंडी, वस्तू. शेजारी ग्रंथालय आहे. मराठीतल्या आधुनिक कवींची ओळख करून देणारं दालनही आहे. घर लहान आहे, पण मुलांना सोबत न्या. पुस्तकातला कवी असल्याच घरात जन्मला हे त्यांना डोळ्यांनी दिसतं.

कोमसापच्या शाखा पालघर, ठाणे, मुंबईपासून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत आहेत. संमेलनं, कवितावाचन, पुस्तकांना पुरस्कार अशी कामं संस्था करते. तिच्या नियतकालिकाचं नाव 'झपूर्झा'. हे नावही केशवसुतांच्याच एका कवितेचं.

खरं काम पावसाआधीचं

कोकणातलं जुनं घर राखायचं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात कौलं काढून साफ करायची, फुटलेली बदलायची. एक कौल सरकलं तरी पाणी वाशावर उतरतं, वासा कुजतो आणि मग भिंत ओली होते. लाकडाला वाळवी लागते. जमीन पुन्हा पुन्हा सारवावी लागते. दमट हवेनं पुस्तकांना बुरशी येते, कसर लागते. राहत्या घरात चूल पेटते, धूर होतो, माणसांची ये-जा असते, त्यामुळे ते टिकतं. बंद घर चार-पाच पावसाळ्यांत खचायला लागतं. त्यामुळे अशा स्मारकात उद्घाटनाच्या दिवसापेक्षा दरवर्षीच्या डागडुजीला जास्त माणसं लागतात.

गावकरी काय करू शकतात?

* घरी जुने फोटो, पत्रं, हस्तलिखितं असतील तर त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. कोरड्या जागी सपाट ठेवा.
* फोटोत कोण आहे, कुठला, कोणत्या सालचा, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून वेगळ्या कागदावर लिहा. नंतर सांगणारं कोणी राहत नाही.
* अशी वस्तू कुठल्याही स्मारकाला देताना लेखी पोच घ्या. कायमची दिली की काही काळापुरती, हे त्यात स्पष्ट असावं.
* शाळेची सहल गणपतीपुळ्याला जात असेल तर मालगुंडसाठी एक तास राखून ठेवा.
* पैसे देता आले नाहीत तरी सुतारकाम, कौलं परतणं, पुस्तकांची नोंद करणं ही कामं येणाऱ्यानं वर्षातले दोन दिवस दिले तरी ती मोठी मदत होते.

कसं जाल?

रत्नागिरीहून आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्यानं गणपतीपुळे आणि तिथून पुढे मालगुंड. मुंबई-गोवा महामार्गावरून येणाऱ्यांनी निवळीला वळून जाकादेवी, चाफे मार्गे यावं. निघण्यापूर्वी उघडण्याची वेळ विचारून घ्या.

27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, सगळीकडे मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. त्याच कुसुमाग्रजांनी उघडून दिलेलं हे घर बघायला तो दिवसही चांगला आहे.