पाहणारा आणि भोगणारा

मराठी कादंबरीचा इतिहास लिहायला बसलेल्या प्रत्येकाला पहिल्याच पानावर एक ख्रिस्ती कादंबरी भेटते. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. लेखकाने बाप्तिस्मा घेऊन तेव्हा तीनेक वर्षे झाली होती आणि वय पंचविशीच्या जरासे पुढे होते. ही त्यांची पहिली कादंबरी, आणि बहुतेक इतिहासकारांच्या मते मराठीचीही पहिली. असे असूनही ‘ख्रिस्ती कादंबरी’ म्हटले की आपल्या सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रचारपत्रिकाच उभी राहते. ‘यमुनापर्यटन’ बहुतेकांनी वाचलेले नसते, परीक्षेपुरते पाठ केलेले असते. तेव्हा अमेरिकेत या नावाची एक भरगच्च, स्वतःचे पुरस्कार आणि स्वतःची भांडणे असलेली साहित्यशाखा आहे, आणि तिच्यातले सर्वांत वाचनीय लेखन नवख्यांचे आणि किशोर-तरुणांसाठी लिहिणाऱ्यांचे आहे, असे सांगितले तर भुवया उंचावणारच. उंचावलेल्या भुवयांनीच आत यावे. या शाखेत भाबड्या वाचकापेक्षा संशयी वाचकाच्या हाती अधिक लागते.

आधी कुंपण कुठे आहे ते पाहू. तिथे ‘ख्रिस्ती कादंबरी’ हा लेखकाच्या श्रद्धेचा दाखला नसून प्रकाशनव्यवहारातला एक वर्ग आहे. मॅरिलिन रॉबिन्सन यांची ‘गिलियड’ एका वृद्ध पाद्र्याच्या तोंडून उलगडते, बायबलमध्ये मुरलेली आहे आणि तिला २००५चे पुलित्झर पारितोषिक मिळाले; पण ती या वर्गात मोडत नाही, कारण ती सर्वसामान्य प्रकाशनसंस्थेकडून आली. या वर्गात येतात ती बेथनी हाउस, टिंडेल, झॉन्डरव्हन, थॉमस नेल्सन अशा धार्मिक प्रकाशनांची पुस्तके. त्यांचा वाचक प्रामुख्याने इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट, आणि त्यातही स्त्रिया अधिक. गंमत अशी की झॉन्डरव्हन १९८८ पासून आणि थॉमस नेल्सन २०१२ पासून हार्परकॉलिन्स या बड्या व्यापारी कंपनीच्या मालकीची आहेत. श्रद्धेचे दुकान कुणाचे, हा प्रश्न इथे नुसता अलंकारिक नाही.

या वर्गाचा सर्वांत प्रतिष्ठित सन्मान म्हणजे क्रिस्टी पुरस्कार. ख्रिस्ती प्रकाशकांच्या एका गटाने तो १९९९ साली स्थापन केला. आज त्याची व्यवस्था इव्हँजेलिकल ख्रिश्चन पब्लिशर्स असोसिएशनकडे आहे. प्रकाशक पुस्तके पाठवतात, परीक्षक वाचतात, प्रत्येक विभागाची अंतिम यादी जाहीर होते. त्या विभागांत ‘पहिली कादंबरी’ आहे आणि ‘यंग अ‍ॅडल्ट’ही आहे. अमेरिकन ख्रिश्चन फिक्शन रायटर्स या लेखकसंघटनेचे कॅरल पुरस्कारही पदार्पणाची वेगळी दखल घेतात. पण खरी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट क्रिस्टीच्या नावात आहे. कॅथरिन मार्शल यांच्या १९६७च्या ‘क्रिस्टी’ या कादंबरीवरून ते घेतले. मार्शल तोवर ख्यातनाम होत्या, पण चरित्रलेखिका म्हणून. पतीवर लिहिलेले ‘अ मॅन कॉल्ड पीटर’ गाजले होते. कादंबरी मात्र ही पहिलीच, वयाची पन्नाशी उलटल्यावर आलेली. तिची नायिका एकोणीस वर्षांची. म्हणजे ज्या पुस्तकाच्या नावाने हा सगळा सोहळा होतो, त्यात नवखी कादंबरीकार आणि कोवळी नायिका आधीच एकत्र आल्या आहेत.

‘क्रिस्टी’ची कथा मार्शल यांनी आपल्या आईच्या अनुभवावर बेतली. १९१२ साली एक शहरी मुलगी टेनेसीच्या डोंगराळ मुलखातल्या मिशन शाळेत शिकवायला जाते. दारिद्र्य, पिढीजात वैरे, चोरटी दारू, अस्वच्छता असे सारे तिला दिसते. काही काळ वाचकाला वाटत राहते की ही सुधारक पाहुणी पाहील, हळहळेल आणि चार धडे देऊन परत जाईल. मग टायफॉइडची साथ येते. तिची सर्वांत जवळची डोंगराळ मैत्रीण दगावते आणि शेवटी तीही त्याच तापाने अंथरुणाला खिळते. पाहणारी भोगणारी होते. माझ्या मते कादंबरीचा सगळा नैतिक अधिकार या एका वळणावर मिळवलेला आहे. त्याआधीच्या शेकडो पानांतली कळकळ त्याशिवाय पोकळ ठरली असती.

पूर्वेतिहास थोडक्यात उरकतो. लू वॉलेस यांची ‘बेन-हर’ १८८०ची. चार्ल्स शेल्डन या पाद्र्याने १८९६ साली कॅन्ससमधल्या टोपीका इथे रविवारच्या संध्याकाळच्या उपासनेत एक कथा प्रकरणाप्रकरणाने वाचून दाखवली. तरुण मंडळी पुढे काय झाले ते ऐकायला पुन्हा येत. तीच ‘इन हिज स्टेप्स’. तिच्या स्वामित्वहक्काच्या नोंदणीत चूक राहिली आणि अनेक प्रकाशकांनी ती मोफतच छापली, त्यामुळे ती जगभर गेली. आधुनिक काळाचा प्रारंभ सहसा कॅनडाच्या जॅनेट ओक यांच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’पासून धरतात. १९७९ची तीही पहिलीच कादंबरी. मग १९८६ साली फ्रँक पेरेटी यांची देवदूत-सैतानांच्या लढाईची ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’, आणि १९९५ पासून लाहे-जेनकिन्स जोडीची ‘लेफ्ट बिहाइंड’ मालिका, जिचा खप कोट्यवधींत गेला. खपाच्या या डोंगराविषयी समाजशास्त्रज्ञांनी लिहावे. साहित्याच्या वाचकाला तिथे फारसे रेंगाळण्याचे कारण नाही.

रेंगाळावे ते पदार्पणांपाशी. प्रस्थापित लेखकाला या बाजारात वाचक ठाऊक असतो: शिवीगाळ नको, शय्यागृहाचे दार बंद हवे, शेवटी आशा हवी. हे अलिखित नियम ख्रिस्ती दुकानांच्या फळीवर ठरत आले. ती दुकाने आता कोसळली. फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्सची साखळी २०१७ साली बंद झाली, लाइफवेने आपली दुकाने २०१९ साली मिटवली. फळी गेली तेव्हा नव्या लेखकाला वाचकाच्या नजरेत आणण्याचे बरेच ओझे नामांकनावर येऊन पडले. मात्र नवखा लेखक नियम पाळतानाही पुरता माणसाळलेला नसतो. आयुष्यभर साठलेले एक दुखणे तो पहिल्या पुस्तकात ओततो, आणि ते दुखणे पुष्कळदा चर्चबद्दलचेच असते.

क्रिस्टीच्या ‘पहिली कादंबरी’ विभागातील लागोपाठच्या दोन विजेत्या पाहा. २००९ची जॉय जॉर्डन-लेक यांची ‘ब्लू होल बॅक होम’: १९७९चा उन्हाळा, अ‍ॅपलाचियन डोंगरातले गाव, पिकअप गाडीतून डोहावर पोहायला जाणारी गोऱ्या पोरांची टोळी, आणि तिच्यात येऊ पाहणारी श्रीलंकेहून आलेली सावळी मुलगी. २०१०ची जेनिफर एरिन व्हॅलेंट यांची ‘फायरफ्लाइज इन डिसेंबर’: १९३२चे व्हर्जिनिया, तेरा वर्षांची जेसिलिन, आणि आगीत आईवडील गमावलेली तिची कृष्णवर्णीय मैत्रीण जेमा, जिला जेसिलिनचे आईवडील घरात घेतात. त्यावर गाव काय करते, कु क्लक्स क्लान काय करते, ही पुढची गोष्ट. यांच्याशेजारी कॅथी गोल्की यांची ‘विल्यम हेन्री इज अ फाइन नेम’ ठेवावी. तीही लेखिकेची पहिलीच, पण तिला मान मिळाला यंग अ‍ॅडल्ट विभागात. काळ अमेरिकन यादवीच्या अगदी तोंडावरचा. तेरा वर्षांचा रॉबर्ट, पळून जाणाऱ्या गुलामांना गुप्त मार्गाने उत्तरेकडे पोचवणारे वडील, गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातली आई, आणि विल्यम हेन्री नावाचा कृष्णवर्णीय जिवलग मित्र.

तिन्ही कादंबऱ्या दक्षिणेच्या मातीतल्या, तिन्हींत मध्यभागी किशोरवयीन पात्र, तिन्हींत वर्णद्वेष. दर रविवारी चर्चमध्ये बसणारी माणसेच हात उगारताना दिसतात. बायबलची वचने पाठ असलेल्या मुलाला ती वचने आणि मोठ्यांचे वागणे यांतली फट पहिल्यांदा दिसते, तो क्षण या लेखिका नेमका पकडतात. धर्मोपदेश इथेही आहे, नाही असे नाही. पण त्याचे तोंड वेशीबाहेरच्या अश्रद्धाकडे नसून बाकावर बसलेल्या श्रद्धावंताकडे आहे. अशा कादंबरीला पदक देणारी मंडळी तीच बाके भरणारी असावीत, हे मला या पुरस्काराच्या बाजूने सांगण्यासारखे वाटते.

तरी इथे संशयी वाचकाने पेन्सिल हाती घ्यावी. या तिन्ही पुस्तकांत दुःख कुणाचे आणि शहाणपण कुणाला मिळते? जेमा पोरकी होते, जाणती होते जेसिलिन. श्रीलंकेच्या मुलीवर संकट येते, त्याचा अर्थ लावत बसते गोरी निवेदिका. सोसण्याचे काम एकाला आणि वाढण्याचे दुसऱ्याला, अशी ही वाटणी या फळीवर वारंवार दिसते. व्हॅलेंट यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की जेसिलिनच्या घरालाही किंमत मोजावी लागते. गावाचा रोष त्यांच्या अंगणात येतो. पण प्रश्न मिटत नाही.

इथे पदमनजी कामाला येतात. यमुना आणि विनायक हे सुशिक्षित जोडपे प्रवासाला निघते आणि गावोगावच्या विधवांचे हाल पाहत जाते. केशवपन, उपासमार, फसवणूक असे प्रसंगांमागून प्रसंग येतात, आणि वाचक पाहणाऱ्यांच्या बाजूला सुरक्षित बसलेला असतो. मग विनायक मरतो. यमुना, जी आतापर्यंत इतरांची कहाणी ऐकत होती, स्वतःच त्या कहाणीत ढकलली जाते. पुढे तिचे धर्मांतर आणि पुनर्विवाह येतो, तिथे कादंबरी पुन्हा प्रचाराच्या ठरलेल्या वाटेने जाते. पण मधला धक्का पक्का आहे. ‘क्रिस्टी’च्या एकशेदहा वर्षे आधी, कोणताही नमुना मराठीत नसताना, एका तरुण लेखकाला हे सुचले. अमेरिकन नवलेखनाला लावायला आपल्याकडे ही घरची मोजपट्टी आहे, आणि ती वापरायला संकोच नको.

ती लावली की पुढच्या दोन विजेत्यांचे वजन वेगळे भरते. ज्युली कॅन्ट्रेल यांच्या ‘इन्टू द फ्री’ला २०१३ साली पदार्पणाचा आणि वर्षातल्या सर्वोत्तम पुस्तकाचा असे दोन्ही मान मिळाले. महामंदीच्या काळातले मिसिसिपी. वडील घोड्यांच्या खेळातले, हात उगारणारे. आई मॉर्फिनच्या आहारी गेलेली. आजोबा धर्मोपदेशक, ज्यांनी आपल्याच मुलीला तोडलेले. मुलगी मिली वडिलांकडून अंशतः चोक्टॉ वंशाची. इथे कुणी शेजारून पाहणारे नाही. मिलीच सोसते आणि मिलीच सांगते, आणि देवावर ती रागावते तेव्हा लेखिका घाईने तिची समजूत घालत नाही. लोरी बेन्टन यांच्या ‘बर्निंग स्काय’ने २०१४ साली पहिली कादंबरी, ऐतिहासिक कादंबरी आणि वर्षातले सर्वोत्तम पुस्तक असे तीन मान एकदम घेतले. विला चौदाव्या वर्षी मोहॉकांच्या हाती लागली, बारा वर्षे त्यांच्यात राहून त्यांचीच झाली; अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर, १७८४ साली, ती आईवडिलांच्या घरी परतते तर घर ओस आणि जमीन लिलावाच्या वाटेवर. तिला दोन समाज आहेत आणि दोन्हींकडून ती परकी. प्रेमकथेचा साचा मधूनमधून डोके वर काढतो, ते सोसावे.

यंग अ‍ॅडल्ट विभागाची अडचण वेगळी आहे: पुस्तक विकत घेते आई किंवा आजी, वाचायचे असते मुलीने, आणि मुलीच्या हातात ‘हंगर गेम्स’ असतो. समकालीन शाळा-कॉलेजवर लिहावे तर तिथली खरी भाषा छापता येत नाही. यातून लेखकांनी दोन पळवाटा शोधल्या. एक मध्ययुग. मेलनी डिकरसन यांची पहिली कादंबरी ‘द हीलर्स अप्रेंटिस’, जी क्रिस्टीच्या अंतिम यादीत होती, निद्रिस्त राजकन्येची परीकथा चौदाव्या शतकातल्या जर्मनीत नेते. तिथे प्रार्थना आणि संयम हे कथेला चिकटवावे लागत नाहीत, ते हवेतच असतात. युक्ती हुशार आहे, पण लेखिकेने ती पुढच्या पुस्तकांतून इतक्यांदा वापरली की धार बोथट झाली. दुसरी वाट अद्भुताची, सी. एस. लुइस यांच्या ‘नार्निया’ने मळलेली. अँड्रू पीटरसन या नॅशव्हिलच्या गायकाची ‘नॉर्थ! ऑर बी ईटन’ २०१०ची विजेती; तिच्यात विनोद आहे, आणि विनोद या फळीवर दुर्मीळ. अ‍ॅन एलिझाबेथ स्टेंगल यांची ‘हार्टलेस’ २०११ साली ‘पहिली कादंबरी’ ठरली. तिच्यातली राजकन्या साध्या, निष्ठावंत राजपुत्राला नाकारते आणि ड्रॅगनराजाच्या चुंबनाने स्वतःच ड्रॅगन होते. रूपक उघड आहे, राजपुत्र कोण हे दहा पानांत कळते. तरी वाचवायचे पात्रच आग ओकू लागते, तिथे परीकथा गंभीर होते.

वाचायला कुठून सुरुवात करावी, असे विद्यार्थी विचारतात. ‘क्रिस्टी’पासून नव्हे, ती जाड आहे आणि तिची पहिली शंभर पाने सहानुभूती मागतात. ‘इन्टू द फ्री’ आधी वाचावी. मग ‘फायरफ्लाइज’ आणि ‘ब्लू होल’ एका दमात, म्हणजे त्यांच्यातली सारखी चाल आपोआप ध्यानात येते. पुरस्कारांच्या याद्या मात्र समाजाचा आरसा समजून वाचू नयेत. कॅथलिक अमेरिका त्यांत जवळजवळ नाहीच. प्रकाशक जे पाठवतात त्यातूनच निवड होते, आणि काय पाठवायचे हे ठरवताना खपाचा अंदाज आधीच घेतलेला असतो. म्हणून विजेत्यांइतकेच लक्ष अंतिम यादीत राहून गेलेल्यांकडे द्यावे. आणि या सगळ्याच्या आधी, ग्रंथालयातून ‘यमुनापर्यटन’ काढून आणावे. लहानसे पुस्तक आहे, दोन संध्याकाळीत होते.