क्रिकेटच्या बॅटची कड
क्रिकेटच्या बॅटचे पाते विलो वृक्षाच्या हलक्या, मऊ लाकडाचे असते. इंग्लंडमध्ये १७७१ साली टॉमस व्हाइट याने यष्ट्यांइतकी रुंद बॅट आणल्यानंतर पात्याची कमाल रुंदी ४·२५ इंच (१०·८ सेंमी.) ठरली, कडेच्या जाडीवर मात्र पुढे सु. अडीचशे वर्षे बंधन नव्हते.

कारखान्यात रुळाखाली दाबल्याने पात्याचा दर्शनी भाग घट्ट होतो. कडेवर हा दाब सरळ पडत नाही. म्हणून कठीण चेंडूने ती लवकर चिरते. त्यासाठी पात्याला जवसाचे कच्चे तेल बेताने चोळतात (अधिक मुरल्यास बॅट जड होते) व मग लाकडी मोगरी सु. ४५ अंशांत तिरपी धरून हलक्या ठोक्यांनी कडेचा कोपरा गोलसर करतात. बाजूने सरळ ठोकल्यास कड फुटण्याचा संभव असतो. हे काम कित्येक तासांचे असून त्यात घाई चालत नाही. चिरलेल्या कडेवर पूर्वी दोऱ्याचे वेढे देत. पुढे चिकटपट्टी आली. नियमांनुसार पात्यावरील असे संरक्षक आवरण १ मिमी.हून जाड नसावे.

एकविसाव्या शतकात वजन न वाढविता जाड कडांच्या बॅटी बनू लागल्या आणि कडेला लागलेले चेंडूही सीमापार जाऊ लागले. गोलंदाजावरील हा अन्याय उघड होता. मेरिलिबोन क्रिकेट क्लबने १ ऑक्टोबर २०१७ पासून कडेची जाडी ४० मिमी. व पात्याची ६७ मिमी. इतकी मर्यादित केली, हे योग्य असले तरी उशिराच झाले. जाड कडही मऊच असते; ठोकण्याचे श्रम तिने वाचविलेले नाहीत.