काट्यामागचा मळ : विद्युतमापनाचा एक दुर्लक्षित इतिहास

१/ विजेच्या इतिहासात व्होल्टा, फॅरडे, मॅक्सवेल यांची नावे आदराने घेतली जातात. यंत्रांचे स्विच पुसणाऱ्या हातांची नोंद क्वचितच होते. वास्तविक वीज मोजण्याचे सारे शास्त्र धातूला धातू जिथे टेकतो, त्या इवल्याशा बिंदूवर उभे आहे. तो बिंदू मळला, की उत्तम यंत्रही खोटी साक्ष देते. हा थ्रेड त्या मळाशी चाललेल्या झुंजीचा.

२/ हा मळ कशाचा? तांब्या-पितळेवर ऑक्साइडचा थर चढतो. चांदीवर हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे सल्फाइड जमते. देवघरातील चांदीची भांडी काळवंडतात, ती हीच क्रिया. त्यात धूळ आणि घट्ट झालेले जुने वंगण मिसळते. परिणामी विजेच्या वाटेत अनाहूत रोध उभा राहतो, आणि तो दर वेळी वेगळा असतो. स्थिर चूक हिशेबातून वजा करता येते. चंचल चूक करता येत नाही.

३/ १८४१ साली जर्मन शास्त्रज्ञ योहान पोगेनडॉर्फ यांनी एक विलक्षण युक्ती मांडली. अज्ञात विभवांतरासमोर तेवढेच ज्ञात विभवांतर उभे करायचे. समतोल साधला, की गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येतो आणि त्या शाखेतून विद्युतधाराच वाहत नाही. धारा नाही, म्हणून त्या शाखेतील संपर्काच्या रोधाने मापात फरक पडत नाही. पोटेन्शिओमीटरचे मूळ तत्त्व ते हेच. मळ तिथेच राहिला. त्याचा उपद्रव मात्र संपला.

४/ पण ही युक्ती सर्वत्र लागू पडणारी नव्हती. सॅम्युअल ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडलेली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये प्रसिद्धीस आणलेली सेतूची पद्धत तारायंत्र खात्यात रुजली. तिच्यावर आधारलेल्या 'पोस्ट ऑफिस बॉक्स'मध्ये पितळी खुंट्या काढून-घालून रोध बदलला जाई. प्रत्येक खुंटी म्हणजे एक स्विच. तारेतील बिघाड किती मैलांवर आहे, हे मोजलेल्या रोधावरून ठरत असे. खुंटी मळकट असेल, तर दुरुस्तीची तुकडी भलत्याच ठिकाणी पोहोचणार!

५/ म्हणून एक शिस्त घडली. खुंटी किंचित पिळून घट्ट बसवावी, पितळेला बोटे लावू नयेत, स्वच्छ कापडाने पुसावे. घासकागद शक्यतो टाळावा. निमुळता आकार बिघडला की खुंटी कायमची सैल होते. पेटीचे एबोनाइटचे झाकण उजेडात हळूहळू विघटित होऊन पृष्ठभागावर आम्ल धरते आणि तेथून वीज झिरपते. त्यामुळे पेटी झाकून ठेवणे हाही देखभालीचाच भाग होता.

६/ १९२३ साली ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकेडी यांच्या कल्पनेतून 'ॲव्होमीटर' बाजारात आला. ॲम्पिअर, व्होल्ट आणि ओहम या तिन्हींचे मापन एकाच पेटीत! अशा बहुमापी यंत्रांचा प्राण म्हणजे फिरता स्विच. सोय वाढली, तसे एका स्विचवरचे अवलंबित्वही वाढले.

७/ धोका इथेच आहे. व्होल्ट मोजताना स्विचचा संपर्क तुटला, तर काटा शून्य दाखवतो. तार मृत आहे असे समजून कारागीर हात घालतो, आणि तार जिवंत असते. म्हणून आधी जिवंत असल्याचे माहीत असलेल्या तारेवर यंत्र तपासावे, मग मोजावे आणि शेवटी पुन्हा तपासावे, असा दंडक आहे.

८/ दरम्यान 'पोटेन्शिओमीटर' या शब्दाचा अर्थ पालटला. रेडिओच्या युगात तो बटणामागच्या छोट्या घटकाला लागू झाला : कार्बनची पट्टी किंवा रोधतार, आणि तिच्यावर सरकणारा स्पर्शक. आवाज वाढवताना जुना रेडिओ खरखरतो, ती या मळाची वा झिजेची हाक. मळाला निरुपद्रवी करणाऱ्या उपकरणाचेच नाव मळाने बेजार होणाऱ्या घटकाला मिळावे, हा इतिहासाचा विनोद.

९/ अमेरिकेत अर्नोल्ड बेकमन यांनी आम्लतामापकासाठी अनेक फेऱ्यांचा सर्पिल पोटेन्शिओमीटर, 'हेलिपॉट', घडवला. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी त्याला मागणी आली. परंतु लष्करी वापरातील हादऱ्यांत स्पर्शक क्षणभरही सुटून चालणार नव्हते. बेकमन यांना रचना बदलावी लागली.

१०/ युद्धानंतर ऑसिलोस्कोपसाठी नावाजलेल्या टेक्ट्रॉनिक्सच्या सेवाकेंद्रांत तर अख्खे यंत्र पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन, मंद उष्णतेवर पूर्ण वाळवले जाई!

११/ या अनुभवातून ठरलेला क्रम असा : वीज तोडा, साठलेला भार उतरवा, मग निरीक्षण करा. संपर्क काळवंडला आहे, वाकला आहे की झिजला आहे? काळवंडला असेल तर योग्य द्रावक अगदी थोडे लावून स्विच अनेकदा फिरवा. घर्षणाने तो स्वतःलाच साफ करतो. चांदीचा मुलामा खरवडू नका. पट्टीच झिजली असेल, तर सफाईने ती परत येत नाही. घटक बदलावा लागतो.

१२/ महाराष्ट्रात बारावीच्या प्रयोगशाळेत पोटेन्शिओमीटरच्या तारेवर जॉकी सरकवणाऱ्या विद्यार्थ्याला तारांची टोके घासून घ्यायला सांगितले जाते. ती सूचना किरकोळ वाटते. पण अचूकता ही शोधाने मिळते आणि देखभालीने टिकते, हे विद्युतमापनाच्या इतिहासाचे सार तीत सामावले आहे.