दोन महिने अळणी भात

गोष्ट 1942 ची. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडलेला डॉक्टर वॉल्टर केम्पनर तेव्हा अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात होता. मूत्रपिंडं बिघडलेल्या रुग्णांना तो फक्त भात, फळं, फळांचा रस आणि साखर खायला देई. मीठ जवळजवळ शून्य! लोणच्या-पापडावर वाढलेल्या मला हे वाचूनच घाम फुटला.

तर त्याच्याकडे 33 वर्षांची एक शेतकरी बाई आली. रक्तदाब 190/120. दोन आठवड्यांनी परत ये, असं त्याने सांगितलं, पण त्याचे जर्मन उच्चार तिला कळले नाहीत आणि ती उगवली थेट दोन महिन्यांनी, तोवर भातच खात. रक्तदाब 124/84 झालेला, डोळ्यांच्या पडद्यावरचा रक्तस्राव गेलेला आणि एक्स-रेमध्ये वाढलेलं हृदय चक्क लहान दिसत होतं.

खरी गंमत या हृदयात आहे. मूत्रपिंडांना मीठ पुरेसं बाहेर टाकता आलं नाही की त्यासोबत पाणीही अंगात राहतं आणि दाब चढतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायचं काम डाव्या जवनिकेचं. ती नवीन पेशी फारशा बनवत नाही, आहेत त्याच जाड करते. इंजिनिअरिंगला प्रेशर व्हेसल शिकलेल्यांना हे लगेच पटेल: भिंत जाड केली की तिच्यावरचा ताण कमी होतो. म्हणजे उपाय बरोबरच, पण तात्पुरता. जाड भिंत नीट सैल पडत नाही, म्हणून कप्पा भरायला त्रास. स्नायूंना रक्त अपुरं पडतं, मध्ये तंतू साचतात आणि शेवटी भिंत हार मानून कप्पा फुगतो.

त्या काळी यावर धड औषध नव्हतं. साक्षात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचं हृदय वाढल्याचं मार्च 1944 मध्ये दिसलं. 12 एप्रिल 1945 ला तो गेला, त्या दिवशी दाब होता 300/190! अशा वेळी केम्पनर एक्स-रे दाखवून सांगत होता की हृदय मागे फिरू शकतं. अनेकांचा विश्वास बसेना.

मजा म्हणजे त्याचा रोख मिठावर नव्हताच, त्याला मूत्रपिंडांचं काम हलकं करायचं होतं. सोडियम कमी केल्याने दाब उतरू शकतो हे 1945 मध्ये ग्रोलमनने दाखवलं.

असो. असला भात खाऊन खाणार किती दिवस? 1958 मध्ये लघवीवाटे मीठ काढणारी क्लोरोथायाझाइडची गोळी बाजारात आली आणि बहुतेकांनी ते ताट बाजूला सारलं.