बॅकअप जनित्रांची दूरस्थ देखरेख : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वीजपुरवठ्याचा इतिहास सामान्यतः वीजकेंद्रे, धरणे व वाहिन्या यांच्या आधारे लिहिला जातो. वीज नसताना ज्यांनी काम भागविले त्या डिझेल जनित्रांची दखल त्यात क्वचितच घेतली जाते. या जनित्रांवरील देखरेख जागेवरच्या माणसाकडून दूरच्या संगणकाकडे कशी गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. त्याच सुमारास भारनियमन तीव्र झाले; ग्रामीण भागात ते कित्येकदा दहा-बारा तासांवर जाई. पारसचे औष्णिक वीजकेंद्र शेगाव-खामगावहून जवळ. २००८ व २०१० मध्ये तेथे प्रत्येकी २५० मेगावॉटचे नवे संचही सुरू झाले. परंतु तेथील वीज राज्याच्या जाळ्यात जाते. शेजाराचा लाभ ना घाटाखाली मिळाला, ना घाटावर.

याच काळात खेडोपाडी मोबाइलचे मनोरे उभे राहिले व प्रत्येकाच्या पायथ्याशी जनित्र आले. तोवर जनित्राची प्रकृती कळण्याची साधने तीनच होती : चालकाचा कान, तेल मोजण्याची पट्टी आणि नोंदवही. मनोऱ्यावर मात्र पूर्णवेळ माणूस परवडत नव्हता. म्हणून डिझेलची पातळी, चालू तास, वंगणाचा दाब, इंजिनाचे तापमान व बॅटरीचा दाब मोजणारे संवेदक बसले आणि सिमकार्डाद्वारे ही माहिती नियंत्रण कक्षाकडे जाऊ लागली.

दूरवरून हिशेब ठेवण्याची रीत या जिल्ह्याला नवी नाही. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव रेल्वेशाखा सुरू झाली. रेल्वे आणि तारायंत्र यांमुळे खामगावचा कापूसबाजार लिव्हरपूलच्या भावांशी जोडला गेला. तेव्हाही दूरच्या व्यापाऱ्याला हवा होता तो मालाचा हिशेब. शेताची प्रकृती नव्हे.

मनोऱ्यांच्या बाबतीतही देखरेखीमागील मुख्य प्रेरणा डिझेलचा खर्च व चोरी हीच होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जानेवारी २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने २०१५ पर्यंत ५० टक्के ग्रामीण मनोरे संमिश्र ऊर्जेवर नेण्याचे निर्देश दिले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. परिणामी प्रत्येक लिटरचा हिशेब अधिकच महत्त्वाचा ठरला. टाकीतील पातळी अचानक घसरली की इशारा जातो, आणि मग पहिला संशय राखणदारावर येतो. म्हणजे यंत्राबरोबर माणूसही देखरेखीखाली आला.

वास्तविक जनित्र ऐनवेळी सुरू न होण्याचे एक नेहमीचे कारण अगदी साधे असते : उतरलेली बॅटरी. ती वीज जाण्यापूर्वीच कळणे हा या व्यवस्थेचा खरा लाभ होय, आणि त्याची निकड मनोऱ्यापेक्षा प्रसूतिगृहाला वा लसींच्या शीतपेटीला अधिक आहे. मात्र तेथील जनित्र महिनोन्महिने बंद असते. त्यात चोरण्याजोगे डिझेलही फारसे नसते, त्यामुळे हिशेबाच्या दृष्टीने ते दुर्लक्षित राहते. नियमित चाचणी घेणारा जुना चालक निवृत्त झाल्यावर त्याच्या कानाची जागा घेणारे काहीच तेथे उरत नाही. मनोऱ्यावरील संवेदकांच्या तक्त्यातही इंजिनाच्या बदललेल्या आवाजासाठी सहसा रकाना नसतो.